वेल्डरला धोका माहीत आहे, मग डोळे का जळतात?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही श्रम संहिता एकाच दिवशी लागू केल्या. त्यातली एक संहिता कामाच्या ठिकाणची सुरक्षितता आणि कामगारांचं आरोग्य याबद्दल आहे. चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मालकाने करून द्यायची, ही त्यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही ती फिरली, खाली "माशाअल्लाह" आणि अंगठे पडले. बातमी चांगलीच आहे. पण यवतमाळच्या आर्णी रोडवर, पुसदला, उमरखेडला, दिग्रस-दारव्ह्याला जी फॅब्रिकेशनची दुकानं आहेत, त्यांना ही बातमी किती लागू होते, हे कुणी विचारलं नाही. एक उस्ताद, एक कारागीर, एक हेल्पर आणि सुट्टीत येणारा भाचा एवढीच माणसं तिथे असतात. यातला मालक कोण आणि तपासणी कोण कुणाची करणार?

आपल्या वस्त्यांत वेल्डिंग हा आता जुना धंदा झाला आहे. आधी लोहारकाम, मग गॅरेज, मग गेट-ग्रिल, मग टिनाचे शेड. विदर्भाचा उन्हाळा जवळ आला की कूलरच्या बॉड्या आणि स्टँड, खरिपाच्या आधी डवरे, वखर आणि ट्रॉलीची दुरुस्ती, कापूस यायच्या आधी जिनिंगवाल्यांचे शेड. बारा महिने काम असतं. सच्चर समितीने २००६ मध्ये जे लिहिलं होतं, की मुस्लिम कामगार पगारी नोकरीत कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त आहेत, ते पाहायला दिल्लीचा अहवाल उघडायची गरज नाही. जुम्याच्या नमाजनंतर मस्जिदीबाहेर उभं राहिलं तरी कळतं. कुणाच्या मनगटावर ठिणग्यांचे डाग असतात, कुणाची मान समोरून करपलेली असते, आणि काहींचे डोळे नेहमीच लालसर दिसतात.

या लाल डोळ्यांबद्दल हा लेख आहे.

रेडिएशन म्हणजे नेमकं काय

"रेडिएशन" म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर मोबाइल टॉवर येतो, नाहीतर दवाखान्यातला एक्स-रे. वेल्डिंगच्या दुकानात रेडिएशन असतं असं सांगितलं तर कारागीर हसतो. त्याच्या मते तो फक्त उजेड आहे. आणि तो चुकीचं बोलत नाही. उजेड हेही रेडिएशनच आहे. फरक एवढाच की आर्कमधून निघणारा सगळा उजेड डोळ्याला दिसत नाही.

रॉड पत्र्याला टेकवून किंचित उचलला की मधल्या फटीत जी आर्क पेटते तिचं तापमान काही हजार अंश असतं. तिच्यातून तीन प्रकारची किरणं एकाच वेळी बाहेर पडतात. एक, डोळे दिपवणारा दिसणारा उजेड. दुसरी, मराठी शाळेच्या पुस्तकात ज्यांना अतिनील किरणे म्हणतात आणि आपल्या उर्दू शाळेत बालाए-बनफशी शुआएं म्हणून शिकवतात ती. ती दिसतही नाहीत आणि गरमही लागत नाहीत. तिसरी अवरक्त किरणे, म्हणजे उष्णतेची. सूर्यातूनही हे तिन्ही प्रकार निघतात, पण अतिनील किरणांतला सर्वात घातक भाग वरच्या ओझोनच्या थरात अडतो. आर्क आणि कारागिराच्या तोंडामध्ये हातभर हवेशिवाय काहीच नसतं. तोच घातक भाग त्याच्या डोळ्यावर सरळ येतो. इतक्या जवळून उघड्या डोळ्याने पाहायची सुरक्षित मर्यादा मिनिटांत नाही, सेकंदांत मोजतात.

झगझगीत उजेड डोळ्याला इजा करतो, हे कौमला नव्याने सांगायची गरज पडू नये. हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथमने 'किताब अल-मनाजिर' लिहिलं. डोळ्यातून किरण बाहेर जातो म्हणून आपल्याला दिसतं, असं तोवर बरेच विद्वान मानत होते. सूर्याकडे पाहिलं की डोळा दुखतो, म्हणजे काहीतरी बाहेरून डोळ्यात येतं, हा त्याच्या युक्तिवादातला एक साधा पुरावा होता. दहावीच्या पोरांना हे सांगितलं की ते मान डोलावतात. त्यातली काही पोरं संध्याकाळी मामाच्या दुकानात जाऊन शील्ड न धरता अँगल धरून उभी राहतात.

रात्री दोन वाजताची वाळू

वेल्डिंगच्या दुकानात एक शब्द सगळ्यांना माहीत आहे, "वेल्डिंग लागली". दिवसभर काही होत नाही. संध्याकाळी घरी येऊन जेवण होतं, इशाची नमाज होते. मग रात्री बारा ते तीनच्या दरम्यान माणूस दचकून उठतो. डोळ्यात मूठभर वाळू टाकल्यासारखं वाटतं, पाणी थांबत नाही, दिव्याकडे पाहवत नाही. घरातली बाई घाबरते. सकाळी तो पट्टी बांधून बसतो, दुसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी परत कामावर.

हा उशीर का होतो, हे समजून घेण्यासारखं आहे. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा सगळ्यात वरचा पापुद्रा अतिनील किरणं शोषून घेतो. त्यातल्या पेशी लगेच मरत नाहीत. सहा ते बारा तासांनी त्या सुटायला लागतात आणि खालच्या नसा उघड्या पडतात. म्हणून दुखणं रात्री येतं. हा पापुद्रा नवा तयार व्हायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून बहुतेक वेळा आपोआप आराम पडतो. या आपोआप बऱ्या होण्यानेच कारागिराचा गैरसमज पक्का झाला आहे. त्याला हे धंद्याचं शिक्कामोर्तब वाटतं. "दोन-चार वेळा लागली की डोळा पक्का होतो," असं उस्ताद शागिर्दाला सांगतात. डोळा पक्का होत नाही. हाताला घट्टे पडतात तसे बुबुळाला पडत नाहीत.

दुसरा गैरसमज टाक्याचा. चौकट जुळवताना आधी चार कोपऱ्यांवर टाके मारतात. शील्ड एका हातात, होल्डर दुसऱ्या हातात, मग अँगल धरायचा कुठल्या हाताने? म्हणून शील्ड खाली ठेवायची, तोंड वळवायचं, डोळे मिटायचे आणि टाका मारायचा. पण डोळा मिटतो तो चमक दिसल्यावर. तोवर थोडा डोस आत गेलेला असतो. शिवाय तोंड वळवलं तरी चुन्याच्या भिंतीवरून, नव्या टिनावरून, स्टीलच्या पत्र्यावरून किरणं परत येतात. दिवसभराचे असे डोस एकमेकांत मिळत जातात. एका ग्रिलला पन्नास टाके लागत असतील, तर पन्नास छोट्या चमकांची बेरीज रात्री दोनला समोर येते. "मी तर आज वेल्डिंग केलीच नाही, फक्त टाके मारले," असं म्हणणाऱ्याचे डोळे का सुजतात, ते यातून कळतं.

आता उपचार. बटाट्याच्या चकत्या, कच्चं दूध, गुलाबपाणी, चहाची पावडर, बाळंतिणीचं दूध, काही ठिकाणी तर पापणीवर टूथपेस्ट. थंड पाण्याची स्वच्छ पट्टी ठेवली, अंधारात पडून राहिलं, तर आराम पडतो. बटाट्याचा गुणही बहुधा त्याच्या थंडाव्यात आहे. पण डोळ्याच्या आत दूध किंवा चहा टाकणं म्हणजे सोललेल्या जागेवर जंतू सोडणं. त्याहून वाईट सवय मेडिकलवर जाऊन "वेल्डिंगचे ड्रॉप द्या" म्हणण्याची आहे. काही ठिकाणी डोळा बधिर करणारे थेंब मिळतात. दोन मिनिटांत दुखणं गायब होतं, म्हणून ते कारागिरांत फार प्रसिद्ध आहेत. हे थेंब डॉक्टर तपासणीपुरते वापरतात. घरी पुन्हा पुन्हा टाकले तर पापुद्रा भरून यायचा थांबतो आणि बुबुळाला जखम होऊ शकते. स्टेरॉइडच्या थेंबांचंही तेच. आत जंतुसंसर्ग असेल तर ते त्याला खतपाणी घालतात, आणि बुबुळावर पांढरा डाग पडला की तो आयुष्यभर राहतो.

ओळखायची एक साधी खूण डॉक्टर सांगतात. वेल्डिंग लागली तर साधारण दोन्ही डोळे दुखतात. एकच डोळा दुखत असेल तर ग्राइंडरचा कण रुतलेला असण्याची शंका घ्यावी आणि रुमालाच्या टोकाने किंवा काडीने तो काढायला सोबत्याला सांगू नये. दोन दिवसांत बरं वाटलं नाही किंवा दिसायला अंधुक झालं, तर सरळ सरकारी दवाखान्याच्या नेत्रविभागात जावं. रमजान सध्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, म्हणजे नेमका कूलरच्या कामाच्या दिवसांत. तेव्हा काही जण रोजा तुटेल म्हणून औषध टाळतात. डोळ्यात थेंब टाकल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलमा सांगतात. मनात शंका असेल तर आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारा, पण औषध पुढे ढकलू नका.

जे रात्री दुखत नाही

वाळूचं दुखणं निदान बोलतं तरी. बाकीचं नुकसान गप्प असतं. अवरक्त किरणं डोळ्याच्या भिंगापर्यंत जातात आणि वर्षानुवर्षांनी मोतीबिंदू लवकर येतो. काचेच्या भट्टीवर काम करणाऱ्यांत हे फार पूर्वीपासून दिसत आलं आहे. गॅस वेल्डिंग आणि कटिंग करणाऱ्यांनी याकडे जास्त लक्ष द्यायला हवं, कारण तिथे अतिनील कमी आणि उष्णता जास्त असते. डोळा चुरचुरत नाही, त्यामुळे सगळं ठीक चाललंय असं वाटतं. आर्ककडे उघड्या डोळ्याने टक लावून पाहिलं तर तिचा निळसर उजेड थेट मागच्या पडद्यावर पडतो. तिथे भाजलं तर नजरेच्या बरोबर मध्ये डाग येतो, आणि तो चष्म्याने जात नाही.

कर्करोगाचंही स्पष्ट सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगमधली अतिनील किरणं, दोन्ही गट १ मध्ये टाकली. माणसात कर्करोग होतो याचा पुरावा पुरेसा आहे, असा या गटाचा अर्थ. तंबाखूचा धूरही याच गटात आहे. धुराचा संबंध फुप्फुसाच्या कर्करोगाशी, किरणांचा डोळ्याच्या आतल्या एका दुर्मीळ कर्करोगाशी. दुर्मीळ आहे, म्हणून प्रत्येक वेल्डरने धास्ती घ्यायचं कारण नाही. गट हा पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. पण "हा फक्त उजेड आहे" हे वाक्य आता बाजूला ठेवायला हवं.

माहिती कमी आहे का?

अशा विषयावर सगळ्यात सोपं उत्तर "जनजागृती करा" हे असतं. बॅनर लावा, शिबिर घ्या, फोटो काढा. मला हे उत्तर अपुरं वाटतं.

शेजारच्या नेपाळात, पूर्वेकडच्या भागात, ३०० वेल्डरांची पाहणी झाली होती आणि ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात दहापैकी साधारण नऊ जणांना वेल्डिंगचा किमान एक धोका माहीत होता. पण संरक्षणाचं एखादं तरी साधन वापरणारे निम्म्याहूनही थोडे कमी निघाले. आपल्याकडेही विचारून बघा. डोळ्याला लागते हे माहीत नसलेला वेल्डर सापडणार नाही. मग तो शील्ड का धरत नाही? त्याची उत्तरं ऐकली तर तो बेफिकीर वाटत नाही. शील्ड धरली की एक हात अडकतो. काच इतकी काळी की आर्क पेटेपर्यंत काहीच दिसत नाही, रॉड चुकीच्या जागी टेकतो. काचेवर ठिणग्या उडून ती खरबरीत झाली आहे आणि बदललेली नाही. काम नगावर किंवा फुटावर आहे, प्रत्येक टाक्याला शील्ड उचल-ठेव केली तर दिवसाचे दोन नग कमी होतात. आणि मे महिन्यात यवतमाळचा पारा ४३-४४ च्या पुढे गेला की टिनाच्या शेडखाली जाड कापडाचं जॅकेट अंगात ठेवणं हे ज्याने केलं त्यालाच माहीत.

आपल्या जिल्ह्याने ही कहाणी एकदा पाहिली आहे. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून जास्त माणसं गेली. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरले होते, कित्येकांच्या डोळ्यांना पट्ट्या होत्या. सरकारने विशेष तपास पथक नेमलं. आणि चर्चा फिरून फिरून एकाच ठिकाणी आली, की त्यांनी मास्क, हातमोजे, चष्मा का घातला नाही? उंच वाढलेल्या कपाशीत, दमट उन्हात, रोजंदारीवर फवारणाऱ्या मजुराला तो किट कुणी आणून दिला होता, आणि तो घालून त्याला आठ तास काम करता आलं असतं का, हा प्रश्न मागे पडला. वेल्डरच्या बाबतीत तीच चूक परत करू नये. साधन वापरत नाही म्हणून त्याला दोष देण्याआधी साधन वापरण्यासारखं आहे का, ते बघायला हवं.

आणि आज ते पूर्वीपेक्षा जास्त वापरण्यासारखं झालं आहे. डोक्यावर बसणारं साधं हेल्मेट दोन-चारशे रुपयांत मिळतं, दोन्ही हात मोकळे राहतात. आर्क पेटताच आपोआप काळी होणाऱ्या काचेचं हेल्मेट हजार-दीड हजारांपासून सुरू होतं. ही काच आधी उजळ असते, त्यामुळे टाका मारताना जागा दिसते, आणि आर्क पेटल्यावर सेकंदाच्या काही हजाराव्या भागात काळी होते. ती उजळ असतानाही चांगल्या काचेतला फिल्टर अतिनील आणि अवरक्त किरणं अडवतच असतो, हे फार कमी लोकांना माहीत आहे. टाक्याची सगळी अडचण इथे सुटते. एका ग्रिलच्या मजुरीतून ते येतं. तरी दुकानात नवा कटर आधी येतो आणि हेल्मेट "पुढच्या महिन्यात".

काच घेताना नंबर विचारावा. साध्या रॉडच्या वेल्डिंगला १० ते १२, गॅसच्या कामाला ४ ते ६ च्या आसपास. भारतीय मानक आयएस ११७९ हे वेल्डिंगच्या शील्डसाठीच आहे, ते लिहिलेलं आहे का पाहावं. फुटपाथवरचा काळा गॉगल हा संरक्षण नाही, उलट घात आहे. काळोखामुळे बाहुली मोठी होते आणि काच किरणं अडवणारी नसेल तर आत जास्त किरणं जातात. अंगात पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं. पॉलिस्टरचा टी-शर्ट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. चामड्याचे हातमोजे तर असायलाच हवेत.

हजरत दाऊद अलैहिस्सलाम लोखंडाची चिलखतं बनवायचे, हे आपल्या घरातलं मूलही जाणतं. लोखंडाचं काम करणाऱ्याने अंगावर संरक्षण चढवणं म्हणजे नाजूकपणा, ही समजूत आपल्यात कुठून आली कोण जाणे. हिफ्ज-ए-नफ्स, म्हणजे जिवाची हिफाजत, शरीअतच्या पाच मूळ उद्दिष्टांत मोजली जाते. एखाद्या जुम्याला इमामसाहेबांनी मिंबरवरून याच्याशी वेल्डिंगचं हेल्मेट जोडून दाखवलं, तर दहा बॅनरांपेक्षा जास्त काम होईल.

ज्याच्या हातात होल्डर नाही

दुकानात एक शील्ड असते आणि ती उस्तादाच्या हातात असते. अँगल धरणारा हेल्पर तिच्या बाहेर असतो. त्याचं तोंड आर्कपासून दोन फुटांवर, डोळे मिचमिचे. सगळ्यात जास्त "लागते" ती त्यालाच, मजुरीही त्याचीच सर्वांत कमी, आणि वयही.

धोकादायक कामावर अठरा वर्षांखालच्या मुलाला ठेवणं २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने बंद आहे. घरच्या धंद्यात शाळेनंतर हातभार लावायची सवलत आहे, पण तीही धोक्याच्या कामासाठी नाही. मी शाळेत शिकवतो, म्हणून हे जास्त लागतं. सोमवारी सकाळी लाल डोळ्यांनी येऊन फळ्याकडे न पाहणारं पोर मोबाइल पाहत जागलं असेल असं आपण धरून चालतो. एकदा विचारावं, काल कुठे होतास. पोराने धंदा शिकू नये असं माझं म्हणणं नाही. शिकायचाच असेल तर आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे, आठवी पासवर प्रवेश मिळतो, आणि तिथे पहिल्या दिवसापासून हेल्मेट डोक्यावर असतं.

दुकानं रस्त्याला लागून आहेत. येणारी-जाणारी लहान मुलं निळी ठिणगी पाहायला थांबतात, शेजारचा पानवाला दिवसभर समोर बसलेला असतो. अंतर दुप्पट झालं की किरणांचा मारा चौथा हिस्सा उरतो, म्हणून रस्त्यावरून चालत जाणाऱ्याला फारसं काही होत नाही. रोज तासन्‌तास समोर बसणाऱ्याची गोष्ट वेगळी. दुकानापुढे जाड गडद ताडपत्रीचा पडदा लावला की हा प्रश्न संपतो. त्याला लायसन्स लागत नाही.

कायद्याच्या कुंपणाबाहेर

आता परत त्या संहितेकडे. ती दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १९४८ च्या कायद्यात दहा कामगारांची होती, ती आता वीस झाली आहे. वणीच्या कोळसा पट्ट्यात किंवा मोठ्या ठेकेदाराकडे काम करणाऱ्या वेल्डरला सेफ्टी ऑफिसर, हेल्मेट, तपासणी हे सगळं थोडंफार मिळतं. तोच माणूस सुट्टीत गावी येऊन भावाच्या दुकानात बसला की त्याच्या डोळ्यांचा कायद्याशी संबंध तुटतो. आर्क तीच, रॉडही तोच. जिवाला धोका असलेल्या कामासाठी एक कामगार असला तरी संहिता लागू करण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला आहे. छोट्या दुकानातलं वेल्डिंग त्यात धरावं, ही मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे आणि कामगार कार्यालयात लेखी जायला हवी. कब्रस्तानाच्या भिंतीसाठी आपण निवेदन देतो, तसं यासाठीही देता येतं.

दुसरी गंमत बघा. अवरक्त किरणांमुळे होणारा मोतीबिंदू १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत होता. म्हणजे हा रोग कामामुळे होतो हे कायद्याने कधीचंच मान्य केलं आहे. पण भरपाई मागायची तर वीस वर्षं कुणाकडे काम केलं याचा कागद लागतो, आणि आपल्या धंद्यात हजेरी उस्तादाच्या डोक्यात असते. पंचेचाळीसाव्या वर्षी मोतीबिंदू झालेला कारागीर मोफत शस्त्रक्रियेच्या शिबिरात जातो, लेन्स बसवून येतो, आणि त्याच्या कागदावर कुठेही वेल्डिंग हा शब्द येत नाही. दवाखान्यात गेलं की डॉक्टरांनी विचारो न विचारो, "मी इतकी वर्षं वेल्डिंग करतो" हे सांगून केसपेपरवर लिहून घ्यावं. हेल्परचं नाव, तारीख आणि मजुरी एका साध्या वहीत टिपली तरी तो उद्या पुरावा होतो.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरी आहेत. लोहार आहे, कुलूपवाला आहे, वेल्डर नाही. घण आणि भाता सोडून वेल्डिंग मशीन घेतलेल्या लोहाराच्या मुलाने अर्ज कोणत्या रकान्यात करायचा? औजारांसाठी त्या योजनेत १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे, तेवढ्यात एका दुकानाची सगळी हेल्मेटं, मोजे आणि पडदा येतो. यादी सरकारने केली आहे आणि ती वाढवता येते.

जे दार आजच उघडं आहे ते बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचं. इमारतीसाठी लोखंडी ग्रिल, खिडक्या, दरवाजे तयार करून बसवणं हे मंडळाच्या कामांच्या यादीत येतं. वय १८ ते ६०, मागच्या वर्षभरात ९० दिवस असं काम केल्याचा दाखला, आणि नाममात्र फी. नोंदणी झाली की मुलांच्या शिक्षणासाठी मदत आणि आरोग्याच्या योजना लागू होतात. गवंडी नोंदणी करतो, सेंटरिंगवाला करतो. फॅब्रिकेशनवाला मात्र स्वतःला "दुकानदार" समजून बाहेर राहतो. या बाबतीत आपल्या तंजीमांनी आणि मस्जिद कमिट्यांनी एक संगणक आणि एक पोरगा बसवला, तर महिन्याभरात मोहल्ल्यातली सगळी नावं भरून होतील.

लाल टोकाचा टंगस्टन आणि भंगार

राहिली ती खरोखरची किरणोत्सारी गोष्ट. स्टीलच्या रेलिंगचं काम वाढलं तसं आर्गन वेल्डिंग तालुक्यापर्यंत आलं. त्यात टंगस्टनची कांडी असते. जिच्या टोकाला लाल रंग असतो तिच्यात साधारण दोन टक्के थोरियम असतं. जुन्या लग्नातल्या पेट्रोमॅक्सच्या जाळीतही थोरियमच असायचं. कांडी खिशात ठेवल्याने काही बिघडत नाही. धोका टोक घासताना आहे. ग्राइंडरवर उडालेली धूळ श्वासातून फुप्फुसात बसली तर ती तिथेच राहून किरणं सोडते. घासताना मास्क लावा, धूळ फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. त्याहून सोपं म्हणजे दुकानदाराकडे करड्या, सोनेरी किंवा आकाशी टोकाची कांडी मागा. त्यात थोरियम नसतं आणि काम तेवढंच होतं.

आणि भंगारवाल्या भावांसाठी. फेब्रुवारी २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र लिलावात भंगारात गेलं. आत कोबाल्ट-६० होतं. तोडणाऱ्यांना माहीत नव्हतं. एक जण गेला, आणखी काही जण दवाखान्यात पडून राहिले. मोठ्या पाइपलाइनच्या आणि बॉयलरच्या कामावर वेल्डिंगचे जोड तपासायला इरिडियमचं उपकरण वापरतात, तेही असंच जड पेटीत असतं. पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांच्या पंख्यासारखी खूण दिसली, किंवा आकाराच्या मानाने फारच जड अशी बंद पेटी आली, तर कटर लावू नका. दूर ठेवा, लोकांना लांब करा आणि पोलिसांना कळवा. अशा पेटीच्या शिशाला भाव चांगला मिळतो, त्यामुळे ती उघडायचा मोह होतो हे मलाही समजतं. मायापुरीतही ते यंत्र शिशासाठीच फोडलं गेलं होतं.